डोक्याचा घाव आणि पोटातली वस्ती

वाचकहो, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी रात्र काढलेली असेल. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला घरचा तरुण मुलगा आत आहे. सीटी स्कॅन झाला आहे, मेंदूवरची सूज उतरण्याची वाट पाहणे चालू आहे. तिसऱ्या दिवशी सिस्टर सांगतात की नाकातून पोटात घातलेल्या नळीतून कॉफीच्या रंगाचे पाणी येते आहे, म्हणजे जठरातून थोडे रक्त जाते आहे. पाचव्या दिवशी कळते की पोट फुगले आहे, नळीतून दिलेले दूध पुढे सरकत नाही. आठवड्याने छातीत जंतुसंसर्ग झाल्याचे सांगतात. बाकावरची मावशी कळवळून विचारते, "अहो, लागलं डोक्याला, मग हे पोटाचं काय मध्येच काढलं?"

मावशीचा हा प्रश्न अडाणी नाही. वैद्यकाने तो दोनशे वर्षे वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आहे, आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग गेल्या काही वर्षांतच हाती आला आहे. या दोनशे वर्षांत हा संबंध एकदा अर्धाच दिसला, एकदा अतिरेकाने बदनाम झाला आणि मग बराच काळ अडगळीत पडला. ही हकीकत आपल्यापुढे मांडण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. तिच्यात माणसे वाचली आहेत आणि तिच्यात माणसे मेलीही आहेत.

आपली भाषा या बाबतीत आधीपासून जाणती आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, कुणाची चूक आपण पोटात घालतो, गुपित पोटात ठेवतो, आणि मनापासून बोलणाऱ्याला पोटतिडकीने बोलतो असे म्हणतो. मनाचा इतका कारभार पोटावर सोपवणाऱ्या मराठी माणसाला मेंदू आणि आतडे यांचे नाते पटवून द्यावे लागू नये. मात्र म्हण म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा मिळण्यासाठी कुणाचे तरी पोट उघडे दिसावे लागले.

ते पोट आलेक्सिस सेंट मार्टिन या कॅनडातील फ्रेंचभाषक मजुराचे होते. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापाऱ्याच्या दुकानात, जवळून सुटलेल्या बंदुकीचा बार त्याच्या बरगड्यांखाली लागला. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने त्याला वाचवले, पण जखम भरताना जठराचे एक भोक कायमचे बाहेर उघडे राहिले. रेशमी दोऱ्याला अन्नाचा तुकडा बांधून ब्यूमाँट तो त्या भोकातून आत सोडी आणि ठरावीक वेळाने ओढून पाही. १८३३ साली त्याने आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. पचन ही रासायनिक क्रिया आहे हे त्यातून ठरलेच, पण त्यात आणखी एक नोंद होती. सेंट मार्टिन चिडला, संतापला की त्याच्या जठराचे वागणे बदलत असे. आणि त्या बिचाऱ्याला संतापायला कारणे भरपूर होती. वर्षानुवर्षे आपल्या पोटाचे प्रदर्शन झालेले त्याने पाहिले. १८८० साली तो वारला तेव्हा घरच्यांनी डॉक्टरांच्या हाती लागू नये म्हणून त्याचे प्रेत कुजेपर्यंत ठेवून मगच पुरले. विज्ञानाच्या इतिहासात ज्यांच्या देहावर ज्ञान उभे राहिले त्यांचे म्हणणे क्वचितच लिहून ठेवलेले असते. इथे ते कृतीतून नोंदले गेले.

पुढे दोन जर्मन शास्त्रज्ञांनी, १८५७ साली माइसनरने आणि १८६२ साली आउअरबाखने, आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंची दोन स्वतंत्र जाळी असल्याचे दाखवले. क्ष-किरणांचा शोध लागल्यावर दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, हार्वर्डमधील वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याने मांजरांना बिस्मथ मिसळलेले अन्न घालून त्यांच्या जठराची हालचाल पडद्यावर पाहिली. मांजर घाबरले वा चिडले की हालचाल थांबे, शांत झाले की पुन्हा सुरू होई. मनाकडून पोटाकडे निरोप जातो, हे आता डोळ्यांना दिसत होते.

मेंदूला प्रत्यक्ष इजा झाली तर काय होते, या प्रश्नाशी मात्र बॉस्टनचा शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग याचे नाव कायमचे जोडले गेले. आधुनिक मेंदू-शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत तो अग्रगण्य. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये त्याने डोक्याला जखमा झालेल्या असंख्य सैनिकांवर उपचार केले होते. मेंदूच्या मागच्या भागातील गाठींवर शस्त्रक्रिया झालेले त्याचे तीन रोगी नंतर दगावले. शवविच्छेदनात मृत्यूचे कारण कवटीत सापडले नाही. अन्नमार्गाच्या वरच्या भागात तीव्र व्रण होऊन भोके पडली होती. एखाद्याने याला योगायोग म्हटले असते. कुशिंगने जुने दप्तर उलगडले. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने १८४१ मध्येच जठराच्या व्रणांचे मूळ मज्जासंस्थेत असू शकेल असे सुचवले होते. १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात कुशिंगने मांडले, की मेंदूच्या खोल मध्यभागातील केंद्रे चाळवली गेली की व्हेगस मज्जातंतूमार्फत जठराला अतिरेकी आज्ञा जातात, आम्ल वाढते आणि अस्तर खाल्ले जाते. डोक्याच्या दुखापतीनंतर होणाऱ्या या व्रणाला आजही डॉक्टर 'कुशिंगचा व्रण' म्हणतात. मावशीच्या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर हेच.

त्यातून उपचारही निघाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिमेटिडीन आणि पुढे ओमेप्राझोलसारखी आम्ल रोखणारी औषधे आली, आणि डोक्याला गंभीर मार लागलेल्या रोग्याला ती सुरुवातीपासून देण्याचा प्रघात पडला. त्यामुळे मोठे रक्तस्राव कमी झाले. पण कुशिंगच्या चित्रात एक पात्र मुळीच नव्हते. आज्ञा देणारा मेंदू होता, आज्ञा पाळणारे जठर होते. खाली आतड्यात राहणारी अगणित वस्ती त्यात नव्हती. जठरातले आम्ल ही त्या वस्तीची वरची वेस आहे, आणि ती सताड उघडली तर जंतू वर सरकू शकतात, हा विचार बराच नंतर आला.

त्या वस्तीचा इतिहास वेगळ्याच वाटेने चालला होता. ऑक्टोबर १८६८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लुई पाश्चरच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याच्या डाव्या अंगावरून वारे गेले. तो त्यातून सावरला, पण उरलेले आयुष्य लंगडतच चालला. रेबीजच्या लशीसह त्याची पुढची सारी मोठी कामे या आजारानंतरची आहेत. रोगजंतूंचा हा शत्रू १८८५ साली म्हणाला की आतड्यातील जिवाणूंवाचून प्राण्याला जगता येणार नाही असे आपल्याला वाटते. त्याच वर्षी थिओडोर एशेरिख याने तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून तो जिवाणू वेगळा काढला, ज्याला आज आपण ई. कोलाय म्हणतो. मार्सेली नेन्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने पाश्चरच्या उलट बाजू घेतली. त्याच्या मते हे जिवाणू नसते तरी चालले असते, कदाचित बरेच झाले असते.

हाच नेन्स्की पुढे सेंट पीटर्झबर्गला गेला आणि १८९३ साली पावलोव्ह आणि इतर सहकाऱ्यांबरोबर त्याने कुत्र्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आतड्याकडून यकृताकडे जाणारे रक्त त्यांनी शस्त्रक्रियेने यकृताला वळसा घालून थेट पुढे सोडले. त्या कुत्र्यांना मांस घातले की ती चिडखोर होत, झोकांड्या खात, त्यांना दिसेनासे होई, झटके येत आणि शेवटी ती बेशुद्ध पडत. आतड्यातून येणाऱ्या रक्तात अमोनिया जास्त असतो आणि यकृत तो काढून टाकते, हे नेन्स्कीने मोजून दाखवले. मेंदूला धक्का न लावता, केवळ पोटातून आलेल्या विषाने प्राणी वेडापिसा होतो, हा फार मोठा धडा होता. त्याची पुरती किंमत कळायला साठ वर्षे लागली.

मध्यंतरी जे घडले ते मुद्दाम आठवणीत ठेवावे असे आहे. पाश्चर संस्थेतील इल्या मेचनिकॉफ हा थोर शास्त्रज्ञ. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिखबरोबर मिळाले. परळच्या संस्थेला ज्याचे नाव आहे आणि ज्याने मुंबईत प्लेगची लस तयार केली, तो वाल्डेमार हाफकिन हा मेचनिकॉफचाच ओदेसातील विद्यार्थी. मेचनिकॉफचे मत असे, की मोठ्या आतड्यातील कुजवणारे जंतू शरीरात विष सोडतात आणि माणूस अकाली म्हातारा होतो. त्यावर उपाय म्हणजे आंबवलेले दूध. आपल्या घरात पिढ्यानपिढ्या विरजण लागते, ताक घुसळले जाते, त्यामुळे हे वाचून आपल्याला बरेच वाटेल. पण युरोपात याचे खूळ झाले. लंडनचा नामवंत शल्यचिकित्सक आर्बथनॉट लेन बद्धकोष्ठासाठी माणसांचे मोठे आतडेच काढू लागला.

सर्वांत भीषण प्रकार अमेरिकेतील ट्रेंटन येथील सरकारी मनोरुग्णालयात घडला. तिथला प्रमुख हेन्री कॉटन याची खात्री झाली की वेडाचे मूळ शरीरात दडलेल्या जंतुसंसर्गात आहे. त्याने रोग्यांचे दात उपटले, टॉन्सिल काढले आणि मग मोठी आतडी काढायला सुरुवात केली. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरांतले सुमारे तीस रोगी दगावत, हे त्याच्या स्वतःच्या आकड्यांतूनच दिसत होते. फिलिस ग्रीनेकर या डॉक्टरबाईंनी १९२० च्या दशकात नोंदी तपासून उपचारांचा फायदा होत नसल्याचा अहवाल दिला. तो दाबून ठेवला गेला. त्या रोग्यांना संमती विचारली गेली नव्हती, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे बहुधा कुणी नव्हते.

वाचकहो, अर्धसत्याची ही किंमत. 'पोटातले जंतू डोके बिघडवतात' हे वाक्य पूर्ण खोटे नव्हते, म्हणूनच ते इतके घातक ठरले. पुढे त्याची उलट प्रतिक्रिया आली. ही कल्पनाच हास्यास्पद ठरली आणि गंभीर संशोधक तिच्याजवळ फिरकेनासे झाले. मेंदू मेंदूवाल्यांकडे, पोट पोटवाल्यांकडे आणि जंतू जंतूवाल्यांकडे अशी वाटणी झाली. एका इस्टेटीचे तीन वाटे झाले की सामाईक विहिरीकडे कुणी पाहत नाही, तसे झाले.

एका कोपऱ्यात मात्र काम चालू राहिले. १९५४ साली लंडनमध्ये शीला शेरलॉक आणि सहकाऱ्यांनी यकृत खराब झालेल्या रोग्यांच्या भ्रमाचे आणि बेशुद्धीचे वर्णन केले, आणि नेन्स्की-पावलोव्ह यांच्या कुत्र्यांचा धागा माणसापर्यंत आणला. १९५७ मध्ये अमेरिकेत अशा रोग्यांना निओमायसिन हे प्रतिजैविक तोंडाने देऊन पाहिले गेले. हे औषध बहुतांशी आतड्यातच राहते, रक्तात फारसे उतरत नाही. तरी रोगी शुद्धीवर येऊ लागले. पोटातले जंतू कमी करताच मेंदू निवळला, याहून स्वच्छ पुरावा कोणता? १९६६ साली याच रोगासाठी लॅक्ट्युलोज वापरात आले. बद्धकोष्ठासाठी घरोघरी असणारे गोड पातळ औषध ते हेच. भ्रमात गेलेल्या यकृत-रोग्याला आजही तेच पहिल्याने दिले जाते.

डोक्याच्या दुखापतीकडे मात्र या नजरेने पाहायला आणखी अर्धशतक गेले. दोन पायऱ्या मध्ये होत्या. १९९२ साली अमेरिकेतील मार्क लाइट याने दाखवले की ताणाच्या वेळी शरीरात सुटणारे नॉरॲड्रिनॅलिन हे द्रव्य परीक्षानळीतही काही जिवाणूंची वाढ झपाट्याने वाढवते. मेंदूचा निरोप जंतूंपर्यंत थेट पोहोचू शकतो, असा याचा अर्थ. २००४ साली जपानमध्ये नोबुयुकी सुडो यांच्या गटाने जन्मापासून पूर्ण जंतुरहित वाढवलेले उंदीर घेतले. कोंडून ठेवल्यावर त्यांच्या शरीराची ताणाची प्रतिक्रिया नेहमीच्या उंदरांपेक्षा फार जास्त होती, आणि लहानपणीच योग्य जिवाणू दिला तर ती सुधारली. निरोप उलट्या दिशेनेही जातो, हे इथे दिसले.

मग २०१६ हे वर्ष आले. इस्रायलमधील संशोधकांनी त्याच वर्षी नवा हिशेब मांडला की माणसाच्या अंगात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, त्याच्या स्वतःच्या सुमारे ३० लाख कोटी पेशींना पुरून उरतील इतके. त्या सर्वांचे वजन मात्र पाव किलोहून कमी. त्याच वर्षी निरनिराळ्या देशांतून उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. मँचेस्टरच्या गटाने दाखवले की पक्षाघातानंतर आणि डोक्याला मार लागल्यानंतरही आतड्यातील जिवाणूंची रचना बदलते, आणि त्यात मज्जासंस्थेतून सुटणाऱ्या नॉरॲड्रिनॅलिनचा हात असतो. ऑस्ट्रेलियातील गटाला आढळले की पक्षाघातानंतर फुप्फुसात सापडणारे जंतू आतड्यातून आलेले असू शकतात. जंतुरहित उंदरांना तसा संसर्ग झालाच नाही. म्युनिकच्या गटाने पाहिले की मोठ्या पक्षाघाताने आतड्याची हालचाल मंदावते, वस्ती बिघडते, ती बिघडलेली वस्ती दुसऱ्या उंदरात घातली तर त्याच्या मेंदूची इजा वाढते, आणि निरोगी वस्ती घातली तर हानी कमी होते.

आता अतिदक्षता विभागातल्या त्या मुलाकडे परत जाऊ. डोक्याला जबर मार बसला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. नॉरॲड्रिनॅलिनची लाट येते, आतड्याचा रक्तपुरवठा आणि हालचाल कमी होते, अस्तरावरचा चिकट थर पातळ होतो, पेशींमधले सांधे सैल पडतात. आतले जंतू आणि त्यांचे तुकडे रक्ताकडे झिरपू लागतात. प्रतिकारशक्तीच्या काही पेशी आतड्यात तयार होऊन मेंदूभोवतीच्या आवरणांपर्यंत प्रवास करतात आणि तिथली सूज वाढवू किंवा कमी करू शकतात. म्हणजे घाव डोक्यात झाला, त्याने पोट ढवळले, आणि ढवळलेल्या पोटाने घावावर पुन्हा हात टाकला. यातला बराच भाग अजून उंदरांत पाहिलेला आहे, माणसांत तो तुकड्यातुकड्यांनी दिसतो. छातीच्या संसर्गाचे नेहमीचे कारणही विसरू नये: शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशातली लाळ श्वासनळीत उतरते.

मग जंतूच मारून टाकावेत काय? इथेच ट्रेंटनची आठवण हवी. २०१६ मध्येच न्यूयॉर्कच्या एका गटाने प्रतिजैविकांनी उंदरांची वस्ती बदलली तेव्हा पक्षाघाताची हानी कमी झाली. बर्लिनच्या गटाने प्रतिजैविकांनी वस्ती जवळजवळ नष्ट केली तेव्हा उंदरांची प्रकृती जास्त बिघडली. मग चांगले जंतू भरभरून द्यावेत काय? २००८ साली नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या सुमारे ३०० रोग्यांवर झालेल्या चाचणीत 'चांगले' जिवाणू दिलेल्यांतील १६ टक्के रोगी दगावले, न दिलेल्यांतील ६ टक्के. दही-ताक हे निरोगी माणसाचे अन्न आहे. अत्यवस्थ माणसाच्या नळीत घालायची गोष्ट कोणती, हे चाचणीनेच ठरायला हवे.

हाती पक्के आहे ते साधे आहे, आणि साधे म्हणून दुर्लक्षिले जाते. आतडे रिकामे ठेवू नये. डोक्याच्या गंभीर दुखापतीसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की पाचव्या, फार तर सातव्या दिवसापर्यंत रोग्याला त्याच्या मूलभूत गरजेइतके पोषण मिळालेच पाहिजे, कारण त्याने मृत्यू कमी होतात. प्रतिजैविके गरजेपुरतीच द्यावीत, उगाच लांबवू नयेत. आणि मेंदूच्या रोग्याचे पोटही रोज तपासावे: शौचाला झाले का, पोट फुगले का, नळीतून काय परत येते.

तेव्हा बाकावर बसलेल्या मावशीने प्रश्न विचारणे सोडू नये. आज दूध किती पचले, आम्लाचे औषध अजून लागते का, प्रतिजैविक कधी बंद करणार, असे तिने डॉक्टरांना नम्रपणे, पण रोज विचारावे. आणि कुणी दाराशी येऊन पोटातल्या जंतूंवरची शंभर टक्के गुणकारी पुडी विकू लागला, तर सेंट मार्टिनच्या घरच्यांसारखे तिने दार लावून घ्यावे. ज्या देहावर प्रयोग व्हायचा तो आपल्या माणसाचा आहे.